माल्टच्या पिंपापासून ‘ज्यूल’पर्यंत

ऊर्जा मोजण्याचे ‘ज्यूल’ हे एकक शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात भेटते. परदेशी बिस्किटांच्या पुड्यावरही कॅलरीच्या शेजारी किलोज्यूलचा आकडा छापलेला असतो. हे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते जेम्स प्रेस्कॉट ज्यूल कधी प्राध्यापक झाले नाहीत, विद्यापीठात शिकलेही नाहीत. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड गावात त्यांच्या कुटुंबाचा बिअरचा कारखाना होता. उष्णता आणि काम ही एकाच ऊर्जेची दोन रूपे आहेत, हे मोजून दाखवणारा हा माणूस व्यवसायाने बिअर बनवणारा होता. हा योगायोग नव्हता, असे विज्ञानाचे काही इतिहासकार मानतात.

ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी झाला. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती आणि पाठीच्या कण्यात दोष होता. त्यामुळे शिक्षण बहुतेक घरीच झाले. १८३४ मध्ये वडिलांनी त्यांना आणि थोरल्या भावाला जॉन डाल्टन यांच्याकडे शिकायला पाठवले. अणुसिद्धान्त मांडणारे हे डाल्टन तेव्हा मँचेस्टरमध्ये शिकवण्या घेत. डाल्टन यांना पक्षाघात झाल्यावर ही शिकवणी थांबली. पण काळजीपूर्वक मोजायचे आणि मोजलेल्यावरच विश्वास ठेवायचा, ही सवय शिष्याला लागून गेली होती. पुढे ज्यूल कारखान्याच्या कामात लक्ष घालू लागले आणि उरलेल्या वेळात घरच्या प्रयोगशाळेत रमू लागले.

धान्यापासून ‘एल’ जातीची बिअर बनवणे हे सगळे तापमानाचे काम आहे. बार्लीला मोड आणून, ती वाळवून, हलकी भाजून माल्ट तयार करतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्याच्याशी या पहिल्या पायरीचे जवळचे नाते आहे. भरडलेले माल्ट गरम पाण्यात तासभर भिजत ठेवले, की मोडांमधली विकरे पिठातल्या स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. हे मिश्रण ६३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले, तर यीस्टला पचणारी साखर जास्त तयार होते आणि बिअर पातळ व कोरडी होते. ते ६९ अंशांपर्यंत गेले, तर न आंबणारी साखर जास्त उरते आणि बिअरला गोडसर भरीवपणा येतो. ७५ अंशांच्या पुढे मात्र विकरे झपाट्याने निकामी होतात आणि सगळा घाणा वाया जाऊ शकतो.

यातली मेख अशी, की पाणी नेमके ६६ अंशांना तापवून चालत नाही. थंड धान्य पडले की ते खाली येते. धान्य किती, पाणी किती, भांडे किती उष्णता ओढून घेईल, याचा आधीच हिशेब करून पाणी काही अंश जास्त तापवावे लागते. आज घरच्या घरी धान्यापासून एल बनवणारे हौशी लोकही पाणी ७२-७४ अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा ते मिश्रण ६६-६७ वर येऊन स्थिरावते. पुढे गोड रस हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. आंबताना पिंप आपोआप तापते, तेही सांभाळायचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडच्या ब्रुअरींमध्ये तापमापक आला तो या कारणांसाठी. एखाद्या अंशाची चूक म्हणजे रोख नुकसान, हे त्या धंद्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नसे.

ज्यूल यांचा पहिला ध्यास मात्र विजेचा होता. कारखान्यातली वाफेची इंजिने काढून त्या जागी विजेची मोटर बसवावी, असा त्यांचा बेत होता. बॅटरीत जस्त खर्ची पडते आणि इंजिनात कोळसा. दोन्हींचा हिशेब केल्यावर निराशाजनक उत्तर आले. पौंडभर जस्तापासून मिळणारे काम हे चांगल्या इंजिनात पौंडभर कोळशापासून मिळणाऱ्या कामाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतके होते, आणि जस्त तर कोळशाहून कितीतरी महाग. मोटरचा बेत बारगळला, पण त्या खटाटोपातून दोन गोष्टी हाती लागल्या. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम त्यांनी शोधला. आणि कशाच्या बदल्यात किती काम मिळते, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात पक्का बसला.

उष्णता हा ‘कॅलरिक’ नावाचा एक अदृश्य द्रव आहे आणि तो निर्माणही होत नाही, नष्टही होत नाही, असे तेव्हा बहुतेकांना वाटत असे. ज्यूल यांचे मोजमाप वेगळे सांगत होते. १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी जाहीर केले, की ठरावीक काम खर्च केल्यावर ठरावीक उष्णता मिळते. सभेत कोणी फारसा प्रतिसाद दिला नाही. पुढच्याच वर्षी त्यांचा एक निबंध रॉयल सोसायटीने पूर्ण छापायचे नाकारले.

अविश्वासाला एक कारण होते. त्यांचा सगळा निष्कर्ष अंशाच्या बारीक अपूर्णांकांवर उभा होता. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग पाणी ढवळण्याचा. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात पितळी पात्यांचे चक्र बसवलेले आणि ते फिरवायला दोरीला टांगलेली शिशाची दोन वजने, प्रत्येकी सुमारे १३ किलोची. वजने सुमारे दीड मीटर खाली येत, पुन्हा वर गुंडाळली जात, असे २० वेळा. एवढ्या खटाटोपानंतर सुमारे सहा किलो पाण्याचे तापमान वाढे जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये सुमारे ०.३ अंश. मँचेस्टरचे उपकरणकार जॉन बेंजामिन डान्सर यांच्या साहाय्याने ज्यूल यांनी असे तापमापक करवून घेतले होते, की त्यांवर अंशाचा दोनशेवा भाग वाचता येई. अलीकडे या प्रयोगाची हुबेहूब उपकरणांनिशी पुनरावृत्ती करून पाहणाऱ्यांना कळले, की प्रयोग करणाऱ्याच्या अंगाच्या उष्णतेनेही आकडा बिघडतो. ज्यूल यांचे कौशल्य पुस्तकातून येणारे नव्हते.

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेतही अध्यक्षांनी त्यांना थोडक्यात आटपायला सांगितले. पण श्रोत्यांत विल्यम थॉमसन नावाचा तेविशीच्या उंबरठ्यावरचा प्राध्यापक होता. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून गाजलेल्या या तरुणाला ज्यूल यांचे म्हणणे लगेच पटले नाही, पण ते सोडूनही देता येईना. त्याच उन्हाळ्यात ज्यूल यांचे अमेलिया ग्राइम्स यांच्याशी लग्न झाले. आल्प्समध्ये मधुचंद्राला गेलेल्या ज्यूल यांची थॉमसन यांच्याशी पुन्हा गाठ पडली आणि धबधब्याच्या पायथ्याचे पाणी माथ्यापेक्षा गरम असते का, हे दोघांनी मोजू पाहिले. तुषारांमुळे ते जमले नाही. त्यातून जुळलेले सहकार्य मात्र अनेक वर्षे टिकले.

१८५० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले आणि पाण्याच्या प्रयोगाचा निबंध छापला. घर्षणात कामाचे उष्णतेत रूपांतर होते, हा निष्कर्ष मात्र समितीच्या इच्छेखातर गाळावा लागला. पौंडभर पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ फूट-पौंड काम लागते, असा त्यांचा आकडा होता. आजच्या आकड्यापेक्षा तो एक टक्क्यानेही कमी नाही.

ही गोष्ट केवळ यंत्रांची नव्हती. जर्मन डॉक्टर रॉबर्ट मायर जावा बेटाकडे गेलेल्या जहाजावर होते. उष्ण हवेत खलाशांच्या शिरांमधले रक्त जास्त लालभडक असल्याचे पाहून ते विचार करू लागले आणि ज्यूल यांच्याही आधी, १८४२ मध्ये, त्यांनी अशीच कल्पना छापली. पहिला कोण, यावर पुढे कटू वाद झाला. ज्यूल यांनीही १८४६ मध्ये विल्यम स्कोर्सबी यांच्यासोबत घोड्याचा हिशेब मांडला, की तो खाल्लेल्या चाऱ्यातल्या ऊर्जेपैकी सुमारे पाव भाग कामात आणू शकतो. माणसाच्या स्नायूंची कार्यक्षमताही साधारण तेवढीच असते. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून जिना चढताना घाम येतो. आज आहारातली एक कॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. बिअरमधल्या अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २९ किलोज्यूल शरीरात जातात, हेही याच हिशेबाने कळते.

१८५४ मध्ये अमेलिया गेल्या आणि दोन लहान मुले ज्यूल यांच्याकडे राहिली. त्याच सुमारास कारखानाही विकला गेला. १८७० मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्यांना मिळाले, पुढच्या वर्षी मायर यांना. पैशाची ओढाताण मात्र होत राहिली. १८७८ मध्ये सरकारने त्यांना वार्षिक २०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. साठीला टेकलेल्या ज्यूल यांनी त्याच वर्षी तोच प्रयोग पुन्हा करून आकडा आणखी नेमका केला.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी मँचेस्टरजवळच्या सेल येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्याच्या दगडावर १८७८ चा तो आकडा कोरलेला आहे : ७७२.५५.