गांधीजींची प्रयोगवही

गांधीजी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? नोटेवरचा हसरा चेहरा, २ ऑक्टोबरची सुट्टी, शाळेतला दांडीयात्रेवरचा हमखास प्रश्न आणि फार तर २००६ सालचा मुन्नाभाई! पण मित्रांनो, हा माणूस खरं तर आपल्यासारखाच प्रॅक्टिकलवाला होता. प्रयोग म्हटला की उपकरण हवं, निरीक्षणं हवीत, निष्कर्ष हवा. गांधीजींनी आयुष्यभर एकच उपकरण वापरलं, ते म्हणजे स्वतःचं शरीर. आणि न जुळणारं रीडिंग गुपचूप जुळवून घ्यायची जी कला आपण पहिल्याच सेमिस्टरला शिकतो, ती त्यांना कधी जमली नाही. फसलेला प्रयोगही ते छापून मोकळे व्हायचे.

आज 'ऑरगॅनिक', 'डिटॉक्स', 'इको-फ्रेंडली' हे शब्द महागड्या पाकिटांवर दिसतात. या गृहस्थांनी हे सगळं कमीत कमी पैशांत करून पाहिलं, आणि त्यातलं बरंचसं आपल्या महाराष्ट्रात. म्हणून हे चरित्र एकदा स्वयंपाकघराच्या दारातून वाचू या.

लंडनमधले उपाशी दिवस

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. १८८८ साली बॅरिस्टर व्हायला ते लंडनला निघाले, तेव्हा वय होतं अठरा. म्हणजे आपल्या फर्स्ट इयरएवढंच! निघताना आईला शब्द दिलेला : दारू, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही. शब्द देणं सोपं होतं. लंडनच्या घरमालकिणीच्या हातच्या बिनमिठाच्या, बिनमसाल्याच्या उकडलेल्या भाज्या खाणं अवघड होतं. पोट भरेना आणि आणखी पाव मागायची लाज वाटे. होस्टेलवर पहिला महिना काढलेल्या कुणालाही हे दुःख समजावून सांगायची गरज नाही.

पायपीट करता करता फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी खाणावळ सापडली. तिथेच विकायला ठेवलेलं हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक त्यांनी एका शिलिंगला घेतलं. तोवर ते आईच्या शब्दाखातर शाकाहारी होते, पुस्तक वाचल्यावर स्वतःच्या विचाराने झाले. घरून येणारी मिठाई आणि मसाले त्यांनी बंद केले. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की पूर्वी घशाखाली न उतरणारा उकडलेला पालक आता चवदार लागतोय. चवीचं मूळ जिभेपेक्षा मनात असतं, हा त्यांचा पहिला निष्कर्ष.

दुसरा प्रश्न आला अंड्यांचा. अंडं मांसात धरायचं की नाही? इंग्लंडमध्ये मांसाच्या तीन व्याख्या होत्या आणि त्यातल्या दोन अंड्याला परवानगी देणाऱ्या होत्या. गांधीजींनी काही दिवस अंडी खाल्ली. मग त्यांना वाटलं, शब्द आईला दिलाय, तेव्हा व्याख्याही आईचीच धरायला हवी. अंडी सुटली! पळवाट सापडल्यावरही ती न वापरणारा हा वकील पुढे कसा होणार, याची चुणूक इथेच दिसते.

पैशांचंही तसंच. पैन्‌पैचा हिशोब लिहायचे. एका खोलीत बिऱ्हाड, सकाळी ओटची लापशी आणि कोको, संध्याकाळी पाव आणि कोको. दिवसाचा खाण्याचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला. बसचे पैसे वाचवायला रोज आठ-दहा मैल चालणं व्हायचं. तब्येत चांगली राहिली ती त्या चालण्यामुळे, असं त्यांनी नंतर नोंदवलं.

जातं, माती आणि एक वेळचा नाश्ता

१८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. वकिली जोरात चालली, पण बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी मागे लागली. त्या सुमारास मँचेस्टरमधल्या नाश्ता न करणाऱ्यांच्या एका मंडळाबद्दल त्यांच्या वाचनात आलं. करून बघू म्हणून त्यांनी सकाळचं खाणं सोडलं. डोकेदुखी गेली! निष्कर्ष काय, तर आपण गरजेपेक्षा जास्त खात होतो. बद्धकोष्ठ मात्र तसंच राहिलं, त्यासाठी पोटावर ओल्या मातीच्या पट्टीचा उपाय वेगळा करावा लागला. बघा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचं. लॅबमध्ये आपल्याला दुसरं काय शिकवतात?

जोहान्सबर्गच्या घरात त्यांनी सात पौंडांना एक हातचक्की आणली. तिचं लोखंडी चाक एकट्याला जड जायचं, दोघांना सोपं. बॅरिस्टर साहेब, त्यांचे मित्र पोलक आणि कस्तुरबा आळीपाळीने पीठ दळायचे आणि न चाळलेल्या कणकेची भाकरी घरीच भाजली जायची. १९०४ साली डर्बनजवळ शंभर एकरांवर फिनिक्स वसाहत उभी राहिली आणि १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म. तिथला नियम कडक होता. उष्टं-खरकटं, मैला, काहीही उघड्यावर दिसता कामा नये. सगळं उथळ चरात, वर मातीचा थर, काही महिन्यांनी सोनखत तयार! आपल्या कॅम्पसवर जे आज 'सॉलिड वेस्ट मॅनेजमेंट'च्या नावाने सेमिनारचा विषय होतं, ते तिथे रोजचं काम होतं, आणि ते काम कुठल्याही एका जातीवर ढकललेलं नव्हतं. सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

कस्तुरबांना रक्तस्रावाचा त्रास होता. मीठ आणि डाळी सोडून बघ, असं गांधीजी त्यांच्या मागे लागले. शेवटी वैतागून त्या म्हणाल्या, की हे तर तुम्हालाही जमणार नाही. झालं! गांधीजींनी त्याच क्षणी वर्षभरासाठी मीठ आणि डाळ सोडली. कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी प्रतिज्ञा मागे घ्यायची विनवणी केली, पण व्यर्थ. प्रेम की हट्ट? दोन्हीही असावं. या प्रयोगशाळेची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही.

जिथे प्रयोग अडला

गाय-म्हैस दूध देत राहावी म्हणून होणाऱ्या क्रूरतेबद्दल वाचून १९१२ मध्ये त्यांनी दूधच सोडलं. भारतात परतल्यावर १९१८ साली खेडा जिल्ह्यात फिरताना शेंगदाणे आणि लिंबू एवढ्यावर शरीर चालवलं आणि ते कोलमडलं. आमांशाने ते मरणाच्या दारात पोहोचले. हवापालटाला माथेरानला आणलं, तिथेही बरं वाटेना. मुंबईत डॉ. दलालांनी स्पष्ट सांगितलं : दूध घेतल्याशिवाय शरीर उभं राहणार नाही. गांधीजी प्रतिज्ञेला चिकटून. तेव्हा खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी मुद्दा काढला, की प्रतिज्ञा गाई-म्हशीच्या दुधाची होती, शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजी नमले. शेळीचं दूध आयुष्यभर राहिलं आणि शब्द राखला तरी त्यामागची भावना मोडली, हे शल्यही राहिलं. ते त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

औषधांचंही तसंच. निसर्गोपचाराचा हा पुरस्कर्ता येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्सने आजारी पडला, तेव्हा १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं! इलेक्ट्रिकलवाल्यांनी 'बॅकअप'चा धडा इथून घ्यावा.

१९२९ मध्ये साबरमतीला कच्च्या अन्नाचा प्रयोग झाला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, कुटलेला पाला, लिंबू, मध. सगळं तोळ्यांत मोजून आणि 'यंग इंडिया'त जाहीर करून. वाचकांकडून अनुभव मागवले. पण थोड्याच महिन्यांत पुन्हा आमांश झाला आणि प्रयोग थांबवावा लागला. तोही त्यांनी जाहीर केला. आजच्या डाएटवाल्या बाबा-बुवांनी किती वेळा असं सांगितलेलं ऐकलंय?

चार पानं आणि एक दातण

१९३० साली येरवड्यात त्यांच्याबरोबर काकासाहेब कालेलकर होते. कापूस पिंजायच्या तातीला चोळायला कडुनिंबाची चार पानं हवी होती. काकासाहेबांनी अख्खी डहाळी तोडून आणली. गांधीजींना ते अजिबात रुचलं नाही. लागतील तेवढीच पानं, तीही झाडाची मनोमन क्षमा मागून तोडायची. दातणाचंही तेच. वापरलेलं टोक कापायचं, उरलेली काडी उद्याला. ती वाळेपर्यंत रोज नवी कशाला? दारात झाडं भरपूर आहेत हा युक्तिवाद त्यांना मान्य नव्हता. आलेल्या टपालाची पाकिटं उलटवून त्यावर ते पत्रांचे मसुदे लिहायचे.

म्हणजे यंत्राला विरोध होता का? १९२९ मध्येच सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. अटी वाचा : वजनाला हलका, खेड्यातल्या झोपडीत हातापायाने चालणारा, आठ तासांत सोळा हजार वार सूत, किंमत दीडशे रुपयांच्या आत, आयुष्य वीस वर्षं, वर्षाचा दुरुस्ती खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून कमी. मेकॅनिकलच्या मुलांनो, यापेक्षा चोख स्पेसिफिकेशन दाखवा! त्या अटी पुऱ्या करणारा चरखा मिळाला नाही आणि बक्षीस तसंच राहिलं.

वर्धा : पाचशे रुपयांचं घर

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जागा मगनवाडी, जमनालाल बजाजांनी दिलेली, कारभार अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांकडे. इथे स्वयंपाकघर म्हणजे पूर्ण लॅब होती. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ की हातसडीचा? साखर की गूळ? गिरणीतलं तेल की घाणीचं? गांधीजींनी डॉक्टरांना, शास्त्रज्ञांना पत्रं लिहून विचारलं आणि उत्तरं 'हरिजन'मध्ये छापली. तांदूळ पॉलिश करताना कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व जातं आणि त्याच्या अभावाने बेरीबेरी होतो, हे शास्त्र तेव्हा नवं होतं. त्या वाटेवरच्या शोधासाठी आइकमन यांना १९२९ चं नोबेलही मिळालेलं. गांधीजींनी ते विज्ञान वर्ध्याच्या पंगतीत वाढलं. सोयाबीन, चिंच, कच्चा पाला, कडुनिंबाची चटणी... पाहुण्यांचे चेहरे कसे झाले असतील, कल्पना करा!

३० एप्रिल १९३६ ला ते मगनवाडीहून चालत शेगावला राहायला गेले. अट होती, घराला पाचशे रुपयांहून जास्त लागता कामा नयेत आणि माल, मजूर आसपासचेच हवेत. माती, बांबू, कौलं. विदर्भाच्या उन्हाळ्यात आजही त्या कुटीत शिरलं की गारवा जाणवतो. मुंबईत त्यांना भेटलेल्या लॉरी बेकर या तरुण इंग्रज वास्तुविशारदाच्या मनात हाच विचार रुजला : घराचा माल पाच मैलांच्या आतला असावा. पुढे केरळात बेकरांनी त्याचं शास्त्र केलं. सिव्हिलवाल्यांना हे नाव परकं नाही.

शेगाव मात्र स्वर्ग नव्हतं. चिखल, डास, मलेरिया. पहिल्याच वर्षी खुद्द गांधीजी मलेरियाने वर्ध्याच्या इस्पितळात दाखल झाले. पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. महारोग झालेल्या परचुरेशास्त्रींना त्यांनी इथेच जवळ ठेवून घेतलं आणि लोक सावलीला घाबरत होते त्या काळात स्वतःच्या हाताने मालिश केलं.

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं. हवा, पाणी, अन्न, झोप, इतकं साधं. त्याच वाड्यात २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. मुलगा देवदासने पेनिसिलिन मिळवलं होतं, पण प्रकृती हाताबाहेर गेलेली बघून सुयांचा त्रास नको, असं गांधीजींनी ठरवलं. तो निर्णय बरोबर की चूक, यावर आजही वाद होतो, आणि व्हायलाही हवा. सुटल्यावर मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळच्या उरुळीकांचनला गेले, खेडुतांवर निसर्गोपचार केले आणि ते काम मणिभाई देसाईंवर सोपवलं. तो आश्रम उभा राहिला. ३० जानेवारी १९४८ ला गोळ्या झाडून त्यांचा खून झाला आणि प्रयोगवही मिटली.

मित्रांनो, उद्यापासून कडुनिंबाची चटणी खा, असं कुणी सांगत नाहीये. त्यांचे कित्येक प्रयोग फसले, काही हट्टाचे होते, आणि आजारी पडल्यावर डॉक्टरकडेच जायचं असतं. घेण्यासारखी आहे ती त्यांची वही. मेसच्या ताटात रोज किती अन्न टाकलं जातं, ते आठवडाभर वजन करून लिहा. रात्री दोनची मॅगी आठ दिवस बंद करून बघा, सकाळच्या लेक्चरला झोप येते का. बादलीभर पाण्यात अंघोळ होते का, मोजा. आकडे मनासारखे आले नाहीत तर तसेच लिहा आणि नोटीस बोर्डवर लावा. जर्नल तपासायला सर असतात, ही वही मात्र आपली आपणच तपासायची. जमेल ना?