विश्लेषण : १९४२ पासून निघा, ६१७४ वरच पोहोचाल! काय होते देवळालीच्या कापरेकर मास्तरांचे गणित?

चिमूर परिसरात १९४२ हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १६ ऑगस्टचा तो उठाव इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. आज त्याच आकड्यावर एक वेगळा प्रयोग करून पाहू. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. १९४२ मधले चार अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करा.

९४२१ − १२४९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तेच करा. ७६४१ वजा १४६७, उत्तर पुन्हा ६१७४. गाडी इथून पुढे हलत नाही. हा १९४२ चा गुण नाही. एमएच-३४ असो की एमएच-३३, समोरून जाणाऱ्या कोणत्याही गाडीच्या पाटीवरचे चार आकडे घ्या. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. वाटेत ०९९९ सारखे उत्तर आले तर पुढचा शून्य सोडायचा नाही, एवढेच पथ्य.

या संख्येला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. तो शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे कोणत्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते.

कोण होते कापरेकर?

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला त्यांचा जन्म झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. कुंडली मांडायची तर आकडेमोड आलीच, आणि त्या आकडेमोडीचीच गोडी मुलाला लागली असे सांगतात. भविष्य बाजूला राहिले, आकडे राहिले. ठाण्यात शाळेत असताना हिशेबाच्या सोप्या युक्त्या शोधण्यात आणि कोडी सोडवण्यात या मुलाचे तासन्‌तास जात.

१९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती कामासाठीचे रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे एम.ए. नाही, पीएच.डी. नाही. १९३० मध्ये देवळालीच्या शाळेत नोकरी धरली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवले. त्यांचे जवळपास सगळे नाव झालेले काम या ३२ वर्षांत, शाळा सांभाळून झाले आहे. साधन कागद-पेन्सिल. हाताशी संगणक नव्हता, कॅल्क्युलेटरही नव्हता. वर सहा ओळींत केलेली आकडेमोड आपण मिनिटभरात उरकतो; असल्या शेकडो वजाबाक्या हाताने करणाऱ्या माणसाचा धीर त्यावरून मोजावा.

६१७४ हाती कसा लागला?

१९४६ मध्ये त्यांना ही गंमत सापडली. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. त्यानंतर १९५३ आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात त्यावरचे लेख आले. म्हणजे शोध लागल्यापासून परदेशात छापून येईपर्यंत सात वर्षे गेली.

पण सगळ्या वाटा ६१७४ कडेच का जातात? हे समजायला दहावीपर्यंतचे गणित पुरते. उतरत्या क्रमाने मांडलेल्या चार अंकांत दोनच फरक महत्त्वाचे असतात. एक, पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक. दोन, मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा आणि बेरीज करा. वजाबाकीचे उत्तर तेच येते. १९४२ मध्ये पहिला फरक ९ वजा १, म्हणजे ८. दुसरा ४ वजा २, म्हणजे २. आठ गुणिले ९९९ म्हणजे ७९९२, त्यात १८० मिळवले की ८१७२. वरच्या पहिल्या ओळीचे उत्तर पाहा.

आता पहिला फरक १ ते ९ यांपैकीच असणार आणि दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे चार अंकी संख्या हजारोंनी असल्या, तरी पहिल्याच वजाबाकीनंतर मैदानात ५४ संख्या उरतात. त्या एकेक करून तपासल्या की काम संपले. जंगलात कितीही पायवाटा असल्या तरी नाल्यावरचा पूल एकच असेल तर सगळ्यांना तिथूनच जावे लागते, तसा हा प्रकार.

तीन अंकी संख्यांनाही असेच ठिकाण आहे, ४९५. दोन अंकी संख्यांना मात्र थांबाच नाही. त्या ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१ अशा गोल फिरत राहतात. पाच अंकी संख्याही वेगवेगळ्या चक्रांत अडकतात. सहा अंकांत एक नाही, दोन थांबे सापडतात : ५४९९४५ आणि ६३१७६४, शिवाय एक चक्रही आहे. चार अंकांना मिळालेला असा एकच मुक्काम ही सहज मिळणारी गोष्ट नाही.

स्वयंभू संख्या म्हणजे काय?

६१७४ ची प्रसिद्धी मोठी असली तरी आमच्या मते कापरेकरांचे सर्वांत सुंदर काम हे आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ४७ घेतले तर ४ अधिक ७ म्हणजे ११, ते ४७ मध्ये मिळवून ५८. ५८ मधून ७१, ७१ मधून ७९, ७९ मधून ९५. ही मालिका नदीसारखी पुढे वाहत जाते. ५८ ची ‘जनक’ संख्या झाली ४७. आपल्या १९४२ ची जनक आहे १९२५. १, ९, २ आणि ५ यांची बेरीज १७, ती १९२५ मध्ये मिळवून पाहा.

कापरेकरांना प्रश्न पडला, ज्यांना जनकच नाही अशा संख्या असतील का? असतात. २० घ्या. १५ मधून २१ मिळतो, १४ मधून १९ मिळतो, पण २० कशातूनच मिळत नाही. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या अशाच संख्या. त्या स्वतःच उगम आहेत, म्हणून स्वयंभू. आपल्या गावावरून कापरेकरांनी त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही नाव दिले. अशा संख्या कधीच संपत नाहीत, हेही सिद्ध झाले आहे.

उलट काही संख्यांना दोन जनक असतात. त्यांतली सर्वांत लहान १०१. ती ९१ मधूनही येते आणि १०० मधूनही. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, हे गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकाला सांगायला नको. १०१ हा आकड्यांच्या दोन प्रवाहांचा तसाच संगम आहे.

आता या स्वयंभू संख्यांच्या नशिबाची गंमत पाहा. १९५९ आणि १९६३ मध्ये कापरेकरांनी त्यांवर पुस्तिका काढल्या. पुढे सत्तरच्या दशकात कोलंबिया देशातले गणितज्ञ बर्नार्डो रेकामान यांनी याच संख्यांचा प्रश्न अमेरिकेतल्या गणिताच्या मासिकात मांडला आणि तिकडे त्यांचे नाव ‘कोलंबियन संख्या’ असे पडले. आजही संदर्भग्रंथांत हे नाव दिसते. देवळाली हे नाव त्या मानाने फार थोड्यांना माहीत आहे. रेकामान यांचा यात काही दोष नव्हता. देवळालीत छापलेली पुस्तिका जगात कितीशी पोहोचणार?

मग गणितज्ञांनी त्यांना गंभीरपणे का घेतले नाही?

त्या काळच्या अनेक भारतीय गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटत असे, काही जण हसतही. कापरेकरांच्या लेखांना मोठ्या नियतकालिकांत सहसा जागा मिळत नसे. मग ते स्वतःच पुस्तिका छापत. त्यांवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव आणि पत्ता खारेसवाडा, देवळाली. शिक्षकाच्या पगारात हा खर्च कसा बसत असेल, याचा अंदाज त्या पिढीतल्या मास्तरांच्या घरच्यांना असेल.

हसणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ६१७४ ची जादू आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो म्हणून आहे. आठाच्या पटीत लिहिणारे लोक असते तर ही संख्या त्यांना दिसली नसती. संख्या कशीही लिहिली तरी टिकणारे गुणधर्म गणितज्ञांना हवे असतात. रामानुजन यांना जगापुढे आणणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला आहे. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. दोन्ही ठिकाणी अंक उलटे फिरलेले. असली उदाहरणे कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाचे मन त्यांत रमत नाही, असा त्यांचा सूर होता. कापरेकर तर आयुष्यभर अशाच उलट्या-सुलट्या अंकांत रमले.

हार्डींचा युक्तिवाद चूक नाही, पण तो अपुरा वाटतो. ५४ जोड्यांचा वरचा खुलासा हे खरे गणितच आहे, आणि तो ज्याला कळला त्याला सिद्धता म्हणजे काय हेही कळले. गावातल्या शाळेतला मुलगा पाढे म्हणता म्हणता जिथे थेट पोहोचू शकतो, असे संशोधनाचे विषय फार नाहीत. आसपासच्या महाविद्यालयांतून कापरेकरांना व्याख्यानांची बोलावणी येत, ती याचमुळे.

डेम्लो, हर्षद ही नावे कुठून आली?

नावे ठेवण्यात कापरेकर हौशी होते. डेम्लो हे मुंबईपासून ३० मैलांवरचे जीआयपी रेल्वेचे स्थानक, म्हणजे आजचे डोंबिवली. तिथे सुचलेली कल्पना म्हणून संख्यांचे नाव डेम्लो. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१ हे त्या कुळातले सर्वांत देखणे सदस्य. या विषयावर के. आर. गुंजीकर यांच्यासोबतचा त्यांचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला होता. लोकलची वाट पाहताना आपण मोबाइल चाळतो. हे गृहस्थ असे काही घेऊन घरी जात.

हर्षद म्हणजे आनंद देणारी. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते ती हर्षद. रामानुजन यांच्यामुळे गाजलेली १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. खुद्द ६१७४ सुद्धा हर्षद आहे. बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन.

जगाने दखल कधी घेतली?

मार्च १९७५ मध्ये. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर हे गणिती करमणुकीचे सदर चालवत. कोडी, खेळ, यांत्रिक कोडी, जादूचे चौरस यांतून त्यांनी जगभर वाचक तयार केले होते आणि त्यांत नामवंत गणितज्ञही होते. त्या महिन्यात गार्डनर यांनी कापरेकर आणि स्वयंभू संख्या यांची ओळख करून दिली. तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते.

मधली वर्षे सोपी गेली नव्हती. पत्नीचे निधन झाले होते. निवृत्तिवेतन पुरत नव्हते. राहणी अगदी साधी असूनही खर्चाचा मेळ बसेना, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. परदेशी मासिकात नाव आले म्हणून यात फार बदल झाला नाही. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

आज संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ६१७४ चा प्रोग्रॅम लिहायला सांगतात. बहुतेकांना वाटते, कापरेकर स्थिरांक म्हणजे कुणा मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाचे नाव.

आणि २०२५ चा त्यांच्याशी काय संबंध?

२०२५ उजाडले तेव्हा अनेकांच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरत होता. २०२५ हा ४५ चा वर्ग आहे आणि २० अधिक २५ केले की पुन्हा ४५ येतात. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की मूळ संख्या परत मिळते, तिला ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत होते, कोण जाणे. दोन अंकी कापरेकर संख्या तीनच, ४५, ५५ आणि ९९. त्यामुळे असे पुढचे वर्ष येणार ते ५५ च्या वर्गाचे, म्हणजे ३०२५ साली.