थंड प्रकाशाचा उपेक्षित जनक

लोहारा (जि. यवतमाळ) : बॅटरी, रोधक व एलईडी जोडूनही दिवा का पेटत नाही, हे हौशी इलेक्ट्रॉनिक्सप्रेमींपुढील पहिले कोडे. एलईडीची टोके उलट जोडली गेली, हे त्याचे नेहमीचे उत्तर. लोहाऱ्यातील शाळकरी मुलगाही ते सोडवील. मात्र ओलेग लोसेव्ह हे नाव त्याने क्वचितच ऐकले असेल.

रशियातील त्वेर येथे १९०३ मध्ये जन्मलेल्या लोसेव्ह यांना विद्यापीठीय शिक्षण लाभले नाही. निझनी नोव्हगोरोद येथील रेडिओ प्रयोगशाळेत काम करताना, वीज वाहताच कार्बोरंडमचा स्फटिक उजळतो, असे त्यांना आढळले. इंग्लंडच्या हेन्री राउंड यांनी १९०७ मध्येच याची नोंद केली होती. परंतु हा प्रकाश उष्णतेचा नव्हे, हे लोसेव्ह यांनी प्रयोगांनी दाखविले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध केले. १९३८ मध्ये लेनिनग्राडच्या संस्थेने त्यांना प्रबंधाविनाच पदवी बहाल केली.

पुढे लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला. जानेवारी १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, या संशोधकाचा उपासमारीने अंत झाला. अमेरिकेत निक होलोन्याक यांचा लाल एलईडी प्रकाशमान झाला तो १९६२ मध्ये, त्यानंतर तब्बल वीस वर्षांनी.