दंतवैद्यकाची गुपिते खुली करणारा फोशार

अठराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या सामान्य माणसाचा दात ठणकू लागला, की तो 'पों नफ' या पुलाची वाट धरीत असे. तेथे भर गर्दीत दात उपटणारे भोंदू ठाण मांडून बसत. गर्दीतूनच त्यांचा एखादा साथीदार पुढे येई. त्याच्या तोंडात सुटा दात आणि रक्ताची चिमुकली पिशवी आधीच दडवलेली असे. हात लावताच दात बाहेर, वेदना मात्र नाही! बघे थक्क होत आणि आपले जबडे पुढे करीत. ही हातचलाखी ग्रंथात नोंदवून चव्हाट्यावर आणणारा माणूस म्हणजे पिएर फोशार.

१६७८च्या सुमारास जन्मलेला फोशार पंधराव्या वर्षी फ्रेंच नौदलात दाखल झाला. स्कर्व्हीने सुजलेल्या, सडलेल्या खलाशांच्या हिरड्या हीच त्याची पहिली पाठशाळा. पुढे आंजे शहरात त्याने जम बसवला आणि मग पॅरिस गाठले.

त्या काळी प्रत्येक जाणकार आपली विद्या झाकून ठेवी. फोशारने नेमके उलटे केले. १७२८ साली त्याने सुमारे आठशे पृष्ठांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध करून आपली हत्यारे, कृती आणि रुग्णांच्या हकिकती सर्वांपुढे मांडल्या. दात किडतो तो अळीमुळे, ही जुनी समजूत त्याने नाकारली. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला अशी अळी आढळली नव्हती. साखरेवर मात्र त्याने ठपका ठेवला.

वेड्यावाकड्या दातांसाठी तो सोन्याची वा चांदीची पट्टी दोऱ्याने दातांना बांधीत असे. आजच्या ब्रेसेसची ही पूर्वज म्हणता येईल. प्रसंगी तो चिमट्याने दात जबरीने सरळ करून शेजारच्या दातांना बांधून टाकी. आज मंद, सततच्या दाबाने दात सरकवतात. एका बाजूचे हाड झिजते, दुसरीकडे नवे भरते, म्हणून महिनोन्‌महिने लागतात. फोशारला ही प्रक्रिया ठाऊक असणे शक्य नव्हते. कवळी खरी भासावी म्हणून तिच्यावर मिन्याचा थर चढवण्याचीही त्याची खटपट होती. अर्थात, दातदुखीवर स्वतःच्या मूत्राने गुळण्या करा, असेही हाच गृहस्थ सांगत होता!

त्याची खरी तक्रार वेगळीच होती. १६९९पासून पॅरिसमध्ये दंततज्ज्ञांना परीक्षा द्यावी लागे, परंतु परीक्षक मंडळात दातांचा जाणकार कोणी नसे. मग खऱ्याखोट्याची पारख रुग्णाने करावी तरी कशी? ग्रंथ खुला करण्यामागे हीच तळमळ दिसते.

मार्च १७६१मध्ये पॅरिस येथे त्याचे निधन झाले. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर व्हायला १९४६ उजाडले. ते केले लिलियन लिंडसे यांनी, ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाची पात्रता मिळवणाऱ्या पहिल्या महिलेने.