होगलँड यांचे द्रावण: किती तीव्र, किती आम्ल?

हायड्रोपोनिक्स करणाऱ्या बहुतेकांनी ‘होगलँड द्रावण’ हे नाव ऐकलेले असते. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते डेनिस रॉबर्ट होगलँड १८८४ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात गोल्डन या गावी जन्मले. स्टॅनफर्ड विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकले. पुढची बहुतेक कारकीर्द बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेली.

पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारे पालाश बंद झाले. तेव्हा पॅसिफिक किनाऱ्यावरील केल्प या समुद्रशैवालापासून ते मिळवता येईल का, याचा अभ्यास त्यांनी केला. समुद्राच्या पाण्यात सोडियम भरपूर, पालाश अगदी कमी; केल्पमध्ये मात्र पालाशचा मोठा साठा. वनस्पती बाहेरचे पाणी जसेच्या तसे घेत नाही, निवडून घेते, हे इथे उघड दिसत होते. पुढे त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले की या निवडीला ऊर्जा लागते, म्हणूनच मुळांना हवा हवी.

त्याच काळात बार्लीच्या रोपांवर त्यांनी द्रावणाची तीव्रता आणि आम्लता तपासली. सौम्य आम्ल द्रावण रोपांना मानवले, अल्कधर्मी बाधले. तीव्रता वाढवल्यावर एका मर्यादेपर्यंतच वाढ सुधारली. आपल्याकडे पीक पिवळे पडले की लगेच खताची मात्रा वाढवली जाते. त्याआधी सामू मोजावा. बहुतेक पिकांना ५.५ ते ६.५ सामू योग्य. तो ७ च्या वर गेला की लोह, मंगल, स्फुरद टाकीत असूनही मुळांना मिळत नाहीत. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर सामू चढाच राहतो, म्हणून तो रोज पाहावा.

१९३० च्या दशकात त्याच विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी द्रावणात उंचच उंच टोमॅटो वाढवले आणि मातीविना शेतीचा मोठा गाजावाजा झाला. होगलँड आणि डॅनियल आर्नन यांनी माती, वाळू आणि द्रावण यांत टोमॅटो शेजारी शेजारी घेऊन पाहिले. सुपीक मातीपेक्षा द्रावणात उत्पादन फार वाढते, असे काही आढळले नाही. १९३८ च्या पुस्तिकेत त्यांनी ते स्पष्ट लिहिले. आजच्या जाहिराती वाचताना ही पुस्तिका हाताशी असावी, असे मला वाटते.

त्याच पुस्तिकेत द्रावणाच्या दोन कृती आहेत. पहिलीत नत्र २१० पीपीएम, स्फुरद ३१, पालाश सुमारे २३५, कॅल्शियम २००. तिच्यातले सारे नत्र नायट्रेट रूपात असते आणि पीक नायट्रेट उचलते तसा सामू चढतो. दुसऱ्या कृतीत थोडे नत्र अमोनियम रूपात दिले आहे, त्यामुळे ही चढण आवरते. पूर्ण तीव्रतेला ईसी साधारण २ च्या आसपास येतो. रोपावस्थेत आणि लेट्यूससाठी अर्ध्या तीव्रतेपासून सुरुवात करावी. उन्हाळ्यात पीक अन्नद्रव्यांपेक्षा पाणी जास्त उचलते आणि ईसी आपोआप वाढतो. अशा वेळी टाकीत नुसते पाणी घालावे.

होगलँड १९४९ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी आर्नन यांनी पुस्तिकेची सुधारित आवृत्ती काढली आणि आजही बहुतेक संशोधक तिचाच संदर्भ देतात.