सर्च इंजिनच्या आधी शब्द ‘फिक्स’ करणारे तर्कतीर्थ

मिरजेच्या दवाखान्यात पेशंट शुगर आहे असं सांगतो, डॉक्टर डायबेटिस लिहितात आणि मराठी पुस्तकात मधुमेह छापलेलं असतं. आपल्याला कळतं, तिन्ही एकच. पण साध्या सर्चला हे तीन वेगळे शब्द वाटतात. नोंद एका नावाने सेव्ह झाली आणि दुसऱ्या नावाने शोधली, तर ती सापडत नाही. घाईच्या वेळी हे पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.

यावर उपाय काय? एका अर्थाला एक ठरलेलं नाव द्यायचं आणि बाकीची नावं त्याला जोडायची. मराठीत ठरलेल्या नावांचं हे काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी.

त्यांचा जन्म 1901 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा. शिकायला ते सातारा जिल्ह्यातल्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि वाईचेच झाले. तर्कतीर्थ ही त्यांची पदवी. स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी तुरुंगवासही भोगला. पुढे ‘धर्मकोशा’त त्यांनी विखुरलेल्या संस्कृत ग्रंथांतली वचनं विषयवार लावली. म्हणजे कॉम्प्युटर नसताना केलेलं इंडेक्सिंगच!

1960 मध्ये ते साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ‘मेश’ ही वैद्यकीय शब्दांची यादी आणली. आज पबमेडवर हार्ट अटॅक शोधलं, की याच यादीमुळे त्याच्या शास्त्रीय नावाखालचे लेखही मिळतात.

इकडे वाईत मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं. लेखक वेगवेगळे, विषयही वेगवेगळे. प्रत्येकाने आपापला शब्द वापरला असता तर नुसता गोंधळ झाला असता. म्हणून आधी 1973 मध्ये परिभाषासंग्रह आला: इंग्रजी संज्ञा आणि त्यांचे ठरलेले मराठी प्रतिशब्द. पहिला खंड त्यानंतर, 1976 मध्ये. 1994 मध्ये महाबळेश्वरला तर्कतीर्थ गेले. विश्वकोश आज तुमच्या मोबाइलवर मोफत वाचता येतो.

आता दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरसाठी ‘स्नोमेड सीटी’ आहे. त्यात मधुमेहाला 73211009 हा नंबर आहे. नाव कुठलंही लिहा, ते या नंबरला जोडलेलं असलं की नोंद सापडते. तर्कतीर्थांनी प्रमाण शब्द देऊन ठेवलेत. सांगली-साताऱ्याच्या बोलण्यातली ‘शुगर’ त्या नंबरला जोडणं, हे काम आता आपल्या पिढीचं.