पृथ्वी मोजणारे कर्नल लॅम्बटन



संगणकाच्या तासाला मुलांचा एक प्रश्न हमखास येतो. करजगीपासून बीदरचे सरळ अंतर संगणकाला कसे कळते? तो तर कधी बसमध्ये बसलेला नाही! उत्तर असे आहे की प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश डेटाबेसमध्ये साठवलेले असतात आणि एसक्यूएल भाषेतील एक फंक्शन त्यावरून अंतर काढते. परंतु त्यासाठी पृथ्वीचा आकार आधी ठाऊक असावा लागतो. तो आकार कोणीतरी पायी फिरून मोजला. भारतात हे काम सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांची ही ओळख.

लॅम्बटन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील यॉर्कशायर भागात एका गरीब कुटुंबात झाला. गणितात हुशार असलेला हा मुलगा मोठेपणी सैन्यात गेला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ साली यॉर्कटाउन येथे ते कैद झाले. सुटकेनंतर बरीच वर्षे त्यांनी कॅनडात साध्या नोकरीत काढली, पण गणिताचा अभ्यास सोडला नाही. सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. मुलांनो, ग्रहण उघड्या डोळ्यांनी का पाहू नये, हे यावरून ध्यानात ठेवा.

१७९६ साली ते पलटणीबरोबर भारतात आले तेव्हा चाळिशी उलटली होती. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईनंतर म्हैसूरचा मुलूख इंग्रजांच्या हाती आला. तेव्हा लॅम्बटन यांनी दक्षिण भारताची शास्त्रशुद्ध मोजणी करण्याची योजना मांडली. कंपनी सरकारला नकाशे हवे होते ते राज्य चालवण्यासाठी, हे आपण विसरू नये. लॅम्बटन यांना मात्र आणखी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते. पृथ्वी ध्रुवांकडे नेमकी किती चपटी आहे?

एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी काम सुरू झाले. शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजण्यास ५७ दिवस लागले. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून मोजताना तापमानाची नोंद ठेवावी लागे. एक बाजू अशी काटेकोर मोजली की पुढे फक्त कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू व कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा, अशी साखळी टेकडीमागून टेकडी घेत पुढे गेली. मद्रासच्या सर्व्हे शाळेत शिकलेली मुले त्यांची सहायक होती. ओझी वाहणाऱ्या, झाडे तोडणाऱ्या, निशाणे धरणाऱ्या शेकडो खलाशी-मजुरांची नावे मात्र इतिहासात आली नाहीत.

कोन मोजण्याचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. १८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर तो चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून बिघडले. दुसरे यंत्र विलायतेहून यायला किती काळ गेला असता! लॅम्बटन तंबूत बसले आणि सुमारे सहा आठवडे खपून त्यांनी ते स्वतः दुरुस्त केले.

१८१५ साली ही साखळी आपल्या भागात पोहोचली. बीदरच्या ईशान्येस असलेल्या दामरगिद्दा येथे त्यांनी पुन्हा आधाररेषा मोजली. वास्तविक त्रिकोणांच्या गणिताने बाजूची लांबी निघतच होती. मग पुन्हा जमिनीवर साखळी कशासाठी? आपलेच गणित तपासण्यासाठी. शेकडो मैल चालत आलेली चूक अशी पडताळणी केल्याशिवाय सापडत नाही.

१८१८ पासून या कामाला भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले व जॉर्ज एव्हरेस्ट त्यांचे सहायक झाले. सत्तरीच्या आसपास असलेले, आजारी लॅम्बटन तरीही कामावरच होते. नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. तेथेच त्यांची कबर आहे.

भारतातील या मापांच्या आधारे एव्हरेस्ट यांनी १८३० साली पृथ्वीचा आकार आकड्यांत मांडला. त्यात विषुववृत्ताची त्रिज्या ६३७७.२७६ कि.मी. आहे. आजच्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीत ती ६३७८.१३७ कि.मी. आहे. भारताचे जुने सरकारी नकाशे एव्हरेस्टच्या आकारावर बेतलेले होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आणले.

आता संगणकाकडे येऊ. पोस्टजीआयएस या डेटाबेस-सुविधेत प्रत्येक बिंदूबरोबर एक क्रमांक असतो. जीपीएसच्या पद्धतीचा क्रमांक ४३२६. हा बिंदू कोणत्या आकारावर मोजला, ते या क्रमांकावरून कळते. आपला प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये अ‍ॅडॅप्टर नावाचा दुभाषी असतो. साध्या दुभाष्याला आकडे व अक्षरे समजतात, पण बिंदू आला की तो अंक-अक्षरांची लांबलचक ओळच पुढे करतो. म्हणून प्रोग्राम लिहिणारे स्वतःचा अ‍ॅडॅप्टर तयार करतात. त्याने दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, रेखांश आधी व अक्षांश नंतर. हा क्रम उलटला तर आपले बीदर थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांपाशी जाऊन पडेल! दुसरी, क्रमांक गळू द्यायचा नाही. दोन वेगळ्या क्रमांकांचे बिंदू दिले तर पोस्टजीआयएस अंतर काढायला नकार देते.

अशा वेळी घाईने नुसता क्रमांक बदलण्याचा मोह होतो. हे चार एकरांपुढे चार गुंठे लिहिण्यासारखे आहे. आकडा तोच राहतो, जमीन मात्र चाळीसपट घटते. क्रमांक बदलणारे फंक्शन वेगळे आणि आकडे खरोखर रूपांतरित करणारे फंक्शन वेगळे. जुन्या नकाशावरील बिंदू रूपांतर न करता जीपीएसच्या नकाशावर ठेवला तर तो आपल्या भागात शंभर मीटरांच्या आसपास सरकू शकतो. शंभर मीटर म्हणजे बांध शेजाऱ्याच्या शेतात! पहाणी उताऱ्यावरून आणि बांधावरून घराघरांत होणारी भांडणे आपण सर्व जाणतो.

आपल्या शाळेतील काही मुले उद्या मोजणीदार होतील, काही संगणकावर नकाशे करतील. पडद्यावर अंतर दिसले की लगेच मान डोलावू नका. हे कोणत्या आकारावर मोजले आहे ते विचारा आणि एकदा दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहा. एका डोळ्याने कमी दिसणारा माणूस आपलेच गणित तपासण्यासाठी बीदरच्या माळावर साखळी टाकत होता. आपल्याला तर दोन डोळे आहेत.

आपला,
मुख्याध्यापक